खुर्ची उचलून ठेवायची

पहाटे साडेपाचला लाल दव्याच्या पाण्यात बूट बुडवायचे,
मगच आत.
कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि मोजायचं ते मोठ्यानं,
मनात मोजलेलं धरत नाहीत.
मुनीर जमादार असाच मोजायचा: एक. दोन.
निवृत्तीच्या हारात हात जोडले त्यानं
तेव्हा दहाही बोटं जागेवर होती.

घमेल्यात म्हशीचं मटण.
बिबट्याचं तीन किलो, हाडासकट.
वाघिणीला मागच्या दाढा नाहीत, तिचं सोडवून, बारीक करून,
आणि सांध्यांची गोळी काळजात लपवून.
ती काळीज खाते
आणि गोळी जिभेनं बाजूला ठेवते,
पोरानं पोह्यातली मिरची काढावी तशी.
मग दुसरं काळीज.

गुरुवारी कुणालाच काही नाही.
डॉक्टरीणबाई म्हणतात, पोटाला विश्रांती.
यशवंता झाडलोट करता करता विचारतो,
"बाईस्नी शाबू भिजत घालू काय?"
दर गुरुवारी विचारतो. दर गुरुवारी आम्ही हसतो.

बिबट्या कागलकडच्या उसातला.
डुकरासाठी लावलेली तार, तिच्यात याचा पाय.
तोडणीवाल्या बायांनी आधी मांजर समजून हाकललं म्हणे.
जो परत रानात जाणार त्याला नाव ठेवायचं नाही, असा इथला नियम.
चार वर्षं झाली. तीन पायांवर तो कुठं जाणार नाही
हे आता फाईलीत शिक्क्यानिशी आलंय,
तरी नाव ठेवायचं राहूनच गेलं.
आम्ही नुसतं 'तो' म्हणतो.
पूर्वी बायका नवऱ्याला म्हणायच्या तसं.

लांडग्या दोन. एकीचं कंबरडं हायवेनं मोडलेलं.
दुसरी सिद्धू पुजारीनं मेंढरांमागं वाढवली, कुत्र्याचं पिल्लू समजून,
गळ्यात निळा दोरा आणि घुंगरू बांधून.
कळप या बाजूला उतरला की तो जाळीशी येतो,
जीभ टाळूला लावून एक आवाज काढतो,
आणि ती लोळण घेत जागीच मुतते.
सिद्धू मान वळवून डोंगराकडं बघत राहतो.
घुंगरू आमच्या कपाटात आहे. त्यानं मागितलं नाही अजून.

रात्री बाराला कारखान्याचा भोंगा होतो,
पाळी बदलते.
दोघी माना वर करून त्याला उत्तर देतात,
आणि वस्तीवरची कुत्री गप्प होतात.
हंगाम संपतो, भोंगा बंद.
तरी बाराच्या सुमाराला दोघी उठून बसतात,
कान कारखान्याकडं.

फुलेवाडीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा
शेवटपर्यंत रिकामी असते.
वासाची सवय मला झाली, कोल्हापूरला नाही.

आणि ते खुर्चीचं.
नवीन पोरगा संताजी, पहिलाच आठवडा,
प्लास्टिकची खुर्ची शहाबादीवरून ओढत आणली त्यानं.
खर्रर्र.
वाघीण झोपेतून उठली, लाकडी खोक्यावर चढली,
पुढचे दोन्ही पंजे उचलले
आणि उभी राहिली.

सर्कस सुटून बारा वर्षं झाली होती.

पंजे खाली येईनात. मागचे पाय थरथरत होते.
कुणीतरी काहीतरी म्हणायचं असणार,
मग ती उतरत असणार.
आम्ही म्हणून बघितलं. बस. बैठ. डाउन.
यशवंता म्हणाला, "उतर की गं बये."
मुनीरला फोन लावला, त्यालाही तो शब्द माहीत नव्हता.
संताजी खुर्ची हातात धरून रडत होता,
खाली ठेवायला भीत होता.

शेवटी तिची तीच उतरली. तोंड भिंतीकडं करून पडली.
त्या दिवशी काळजातली गोळी तिनं काढली नाही.

तेव्हापासून इथं खुर्ची उचलून ठेवायची.
मी घरीसुद्धा उचलूनच ठेवतो.
शैला विचारते, फरशीला चरे पडतील म्हणून होय?
मी म्हणतो, होय.